प्रश्न त्यांनाच विचारा

दवाखान्याच्या केबिनमध्ये सत्तरीच्या बाई खुर्चीत बसलेल्या असतात, शेजारी मुलगा उभा असतो आणि डॉक्टर मुलाकडे बघून विचारतात, "यांना झोप लागते का? भूक कशी आहे?" मुलगा उत्तर देतो. आईची झोप कशी आहे हे त्याला नेमकं ठाऊक नसतं, कारण तो दुसऱ्या खोलीत झोपतो. तरी तो उत्तर देतो. बाई मध्येच काही सांगू बघतात, तेव्हा मुलगा म्हणतो, "अगं, सांगतोय ना मी." पाच मिनिटांत तपासणी आटोपते, चिठ्ठी मुलाच्या हातात पडते. कुणी आवाज चढवलेला नसतो, कुणाच्या मनात वाईट नसतं. पण ज्यांच्या शरीराबद्दल बोलणं चाललं होतं, त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं.

हेच बँकेत होतं, तहसील कचेरीत होतं, मोबाइलच्या दुकानात होतं आणि घरी जेवणाच्या टेबलावरही होतं. वय वाढलं की माणसाशी बोलणं कमी होऊन माणसाबद्दल बोलणं वाढतं. ज्येष्ठांसाठी सवलती, योजना, राखीव आसनं यांची आपल्याकडे आता बऱ्यापैकी चर्चा होते, आणि त्या हव्यातच. माझं म्हणणं मात्र असं आहे की सन्मानाची पहिली पायरी त्याआधीची आहे: प्रश्न त्यांना विचारायचा, त्यांच्याकडे बघून विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. एवढं जमलं की पुढची कितीतरी कामं सरळ होतात. हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: जे स्वतः साठीच्या पुढे आहेत, जे त्यांच्यासोबत जातात आणि जे काउंटरच्या पलीकडे बसतात.

आधी जन्मतारीख

भारतात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरची माणसं १० कोटी ३८ लाख होती. त्यांना आपण एका शब्दात ज्येष्ठ म्हणतो, पण व्यवस्थेच्या लेखी ज्येष्ठपणाची वयं वेगवेगळी आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे आणि आयकरासाठी साठ. रेल्वेत खालच्या बर्थसाठी पुरुषांना साठ, पण बाईला पंचेचाळीस. एसटीत निम्मं तिकीट पासष्टला आणि मोफत प्रवास पंचाहत्तरला. राज्याच्या श्रावणबाळ योजनेला पासष्ट. बँकेच्या घरपोच सेवेला सत्तर, आयुष्मान वय वंदना कार्डालाही सत्तर. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा रक्कम सुरू होते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढते.

म्हणजे एकेका वर्षाला किंमत आहे. आणि नेमकी इथेच आपल्या मागच्या पिढीची अडचण होते. खेड्यात जन्मलेल्या, शाळेचा दाखला नसलेल्या असंख्य लोकांचं वय आधार नोंदणीच्या वेळी अंदाजाने लिहिलं गेलं. त्यामुळे कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख कागदावर एक जानेवारी आहे, आणि सालही खरं असेलच असं नाही. खऱ्या वयाने अठ्ठ्याहत्तर असलेला माणूस आधारवर त्र्याहत्तरचा असेल, तर वाहक त्याला मोफत प्रवास देऊ शकत नाही. तो वाहकाचा उर्मटपणा नव्हे, त्याचे हात बांधलेले असतात.

म्हणून पहिलं काम हे करा. घरातल्या ज्येष्ठांचं आधार, पॅन, बँकेचं खातं, पेन्शनची कागदपत्रं आणि रेशन कार्ड एकदा शेजारी शेजारी ठेवून जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग ताडून बघा. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा घाईने अर्ज करू नका. आधी शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, जुनं सेवापुस्तक यांपैकी पक्का पुरावा हाती घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांच्या बाबतीत तर विशेष लक्ष द्या. नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर बायकोची जन्मतारीख कितीदा लिहिलेलीच नसते, आणि मग ऐंशीनंतरची वाढ आपोआप सुरू होत नाही. ती मागावी लागते.

साठ की आठ?

आता बोलण्याबद्दल, कारण सर्वांत जास्त अपमान इथे होतो आणि तो बहुतेक वेळा अज्ञानातून होतो.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं, तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे. स्वर बऱ्यापैकी ऐकू येत राहतात. स, श, च, त, फ अशी व्यंजनं मात्र पुसट होतात. त्यामुळे "साठ" आणि "आठ" एकसारखे वाटतात, "तीस" आणि "वीस" यांत फरक कळत नाही. समोरच्याचं बोलणं कानावर येतं, पण उमगत नाही. अशा माणसाला "काय?" असं पुन्हा पुन्हा विचारावं लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी समोरचा ओरडतो. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तितकीच अस्पष्ट राहतात. शिवाय रांगेतल्या पंधरा माणसांना यांच्या खात्यात किती पैसे आहेत ते कळतं.

उपाय साधा आहे. तोंडासमोर या. तुमच्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, म्हणजे ओठ दिसतील. आवाज किंचित खालच्या पट्टीत ठेवा, वेग कमी करा, शब्द तोडून बोला. पंखा किंवा टीव्ही चालू असेल तर आधी तो बंद करा. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तसंच न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. रक्कम, तारीख, औषधाची मात्रा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. काउंटरवर एक जाड स्केचपेन आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

कानाच्या यंत्राबद्दल एवढंच सांगेन की ते घेऊन कपाटात ठेवण्याचं एक मोठं कारण ते नीट जुळवून न घेणं हे असतं. यंत्र मिळाल्यावर पुन्हा दोन-तीनदा तज्ज्ञाकडे जाऊन आवाज बेतून घ्यावा लागतो आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. घरच्यांनी तेवढा काळ धीर धरावा.

डोळ्यांचंही तसंच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. करड्या कागदावर फिकट निळ्या अक्षरांत छापलेला फॉर्म तरुण कारकुनाला स्वच्छ दिसतो आणि समोरच्याला कोरा. तेव्हा "वाचता येत नाही का?" हा प्रश्न फारच लागतो; विशेषतः जन्मभर शिक्षक असलेल्या माणसाला. फॉर्म उजेडाकडे सरकवा, भिंग पुढे करा आणि "मी वाचून दाखवू की तुम्ही बघता?" असं विचारा. त्या एका प्रश्नात ठरवण्याचा हक्क समोरच्याकडे राहतो.

हाक कशी मारायची, हाही प्रश्न आहेच. अनोळखी ज्येष्ठाला काका, मावशी, आजी म्हणणं आपल्याकडे प्रेमाचं आहे आणि बाजारात, बसमध्ये ते चालून जातं. पण जिथे काम आहे, कागद आहे, पैसा आहे, तिथे टोकन पुकारताना नावाने हाक मारा: "देशपांडेबाई", "पवारसाहेब". आयुष्यभर एका नावाने ओळखल्या गेलेल्या माणसाला बासष्टाव्या वर्षी चाळिशीतल्या अधिकाऱ्याने "आजोबा" म्हटलेलं आवडेलच असं नाही. आणि लहान मुलाशी बोलावं तसं लाडीगोडीने, "चला बरं, आता सही करायची हं" असं तर मुळीच नको. रुग्णालयातल्या आणि वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांना ही सवय फार लवकर लागते. त्यामागे माया असते हे मान्य, पण ऐकणाऱ्याला त्यातून आपली किंमत कळते.

बँक आणि हयातीचा दाखला

ज्येष्ठांच्या तक्रारी सर्वांत जास्त कुठे असतील तर बँकेत. गंमत म्हणजे नियम बऱ्यापैकी त्यांच्या बाजूने आहेत, फक्त ते माहीत नसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सूचना दिल्या: ज्येष्ठ आणि अपंग ग्राहकांसाठी स्पष्ट दिसेल असा वेगळा काउंटर किंवा प्राधान्य हवं, हयातीचा दाखला पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत स्वीकारला जावा, बचत खात्यावर वर्षाला किमान २५ धनादेश मोफत मिळावेत, आणि सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांना पैसे आणून देणं, नेणं, केवायसीची कागदपत्रं व हयातीचा दाखला घेणं या सेवा घरी द्याव्यात. काही बँका घरपोच सेवेला थोडं शुल्क घेतात. पण "आमच्याकडे अशी सोय नाही" हे उत्तर मान्य करू नका. शांतपणे म्हणा, "हे मला लेखी द्या." बहुतेक वेळा पुढचं बोलणं बदलतं.

सहीचा प्रश्न फार जणांना छळतो. हात थरथरतो, सही जुळत नाही, धनादेश परत येतो आणि दंड लागतो. यावर दोन मार्ग आहेत. हात चालत असेल तर शाखेत जाऊन नव्या सहीचा नमुना द्या. दर काही वर्षांनी देत राहा. सही अजिबात जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. अंगठ्याचा ठसाही देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेण्याची तरतूद आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रुग्णवाहिकेतून शाखेत आणल्याचे फोटो अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. त्याची गरज नसते, आणि ती वेळ कुणावर आणू नये.

बोटांच्या ठशांचंही असंच. म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल होते, रेषा झिजतात. शेतात, भांड्याकुंड्यांत, बांधकामावर राबलेल्या हातांच्या तर आधीच झिजलेल्या असतात. रेशन दुकानात "अंगठा लागत नाही" म्हणून माणूस रिकामी पिशवी घेऊन परततो. हात धुऊन, पुसून, किंचित तेल किंवा पाणी लावून दुसरं बोट लावून बघा. बरेचदा काम होतं. नाही झालं तर डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने ओळख पटवता येते. त्यासाठी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असला पाहिजे. तो मुलाचा नको. मुलगा कामावर असताना ओटीपी त्याच्याकडे जातो आणि आई दुकानात उभी राहते.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरातल्या रांगा आता टाळता येतात. केंद्र सरकारची 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि आता त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही तो थोड्या शुल्कात करून देतो. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्रीय पेन्शनरांना एक ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतल्या पेन्शनरांना नोव्हेंबरचं बंधनच नाही. ज्या दिवशी दाखला द्याल तिथून वर्षभर तो चालतो.

संयुक्त खात्याबद्दल एक आग्रहाचा सल्ला. सोयीसाठी मुलाचं नाव जोडताना बहुतेक जण "ईदर ऑर सर्व्हायव्हर" वर खूण करतात, म्हणजे दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतो. आपल्या हयातीत व्यवहार आपल्याच सहीने व्हावेत आणि पुढे जोडीदाराला किंवा मुलाला अडचण येऊ नये असं वाटत असेल, तर "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" हा पर्याय घ्या. कारकून तो आपणहून सांगत नाहीत. वारसाचं नामनिर्देशनही तपासा; नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात.

बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

"वय झालं की असं व्हायचंच"

दवाखान्यात हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. वयाने काही गोष्टी होतात, हे खरं. पण या एका वाक्याखाली बरे होण्याजोगे कितीतरी आजार दबून राहतात. कालपर्यंत नीट बोलणारे वडील आज अचानक असंबद्ध बोलू लागले, रात्री उठून भिंतीशी बोलू लागले, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीच्या मार्गातला संसर्ग, शरीरातलं सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, नवं सुरू झालेलं झोपेचं औषध, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं आणि वेळेत उपचार झाले तर माणूस पूर्ववत होतो. विसरभोळेपणा हळूहळू वाढत असला, तरी थायरॉईड आणि ब जीवनसत्त्वातलं बी-१२ तपासून घेतल्याशिवाय त्यावर शिक्का मारू नका. लघवी न रोखता येणं, सतत उदास राहणं, चालताना तोल जाणं यांवरही उपाय आहेत. लाजेमुळे यांतलं पहिलं तर बायका मुलीलाही सांगत नाहीत.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "हे वयामुळे आहे की आजारामुळे, आणि तपासून कसं कळेल?" जाताना सगळी औषधं, म्हणजे खरोखर सगळी, आयुर्वेदिक चूर्णं आणि शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून न्या. दोन-तीन डॉक्टर वेगवेगळ्या वेळी औषधं लिहून देतात आणि ती एकमेकांना काय करतात हे कुणीच बघत नाही.

सोबत जाणाऱ्यांनो, तुमचं काम उत्तरं देण्याचं नाही. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलू लागले तर तुम्ही आईकडे बघा आणि म्हणा, "आई, डॉक्टर विचारताहेत." डॉक्टरांची नजर आपोआप वळते. निम्मी तपासणी झाल्यावर पाच मिनिटं बाहेर थांबायची तयारी ठेवा. माणसाला मुलांसमोर न सांगता येणाऱ्या गोष्टी असतात. तुम्ही बोलायचं ते शेवटी, आणि त्यांच्या देखत. घरी आल्यावर "डॉक्टर काय म्हणाले?" हे त्यांनी तुम्हाला विचारावं लागणार असेल, तर तपासणी अपुरी झाली.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. सत्तर वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात येतात, बाह्यरुग्ण तपासणी येत नाही. आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा किंवा आयुष्मान ॲपवर काढा, पण धडधाकट असताना काढा. दुसरं, खाजगी आरोग्य विम्याचा हप्ता साठीच्या पुढच्या ग्राहकांसाठी वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर विमा कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. हा नियम २०२५ च्या जानेवारीतला आहे. त्याहून मोठी वाढ आली तर लेखी विचारणा करा.

एसटीबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. वाहकाकडून शून्य रुपयांचं तिकीट मात्र घ्यावंच लागतं, आणि ते मागून घ्या; त्या सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. "फुकटवाले पुढे व्हा" असं कुणी म्हटलं तर मान खाली घालू नका. हा तुमचा हक्काचा प्रवास आहे. चालकांना एकच विनंती: पायरीवरून पाय आत येईपर्यंत गाडी हलवू नका.

घरात

बाहेरच्या अपमानाची तक्रार करता येते, घरातल्याची करवत नाही. घरातला अपमान बोलूनही दाखवला जात नाही. "तुला नाही कळणार", "ठेव तो फोन, मीच करतो", "तुम्ही बसा हो, मध्ये मध्ये करू नका." ही वाक्यं ज्या घरात रोज ऐकू येतात, तिथे वडील काही महिन्यांत खरोखरच काही करेनासे होतात. वीजबिल भरायला शिकवताना फोन त्यांच्या हातात राहू द्या. तुमचं बोट स्क्रीनवर जाता कामा नये. वहीत पायऱ्या त्यांच्या अक्षरात लिहू द्या. सरावाला चार दिवस लागतील. पण नंतर चार वर्षं ते बिल स्वतः भरतील.

फसवणुकीच्या बाबतीत तर घरातला सूर हाच खरा बचाव आहे. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झालीय" असं सांगून दिवसदिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ज्येष्ठांचे लाखो रुपये लुबाडले जातात. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या काही तासांत १९३० वर फोन केल्यास रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पण माणूस त्या तासांत फोन करत नाही, कारण मुलं काय म्हणतील ही भीती. ज्या घरात वडिलांना आधीच "तुम्हाला काही समजत नाही" असं ऐकावं लागतं, त्या घरात चोरी सर्वांत उशिरा कळते. आजच सांगून ठेवा: "काही झालं तरी आधी मला फोन करा, मी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका.

परदेशात राहणाऱ्या मुलांना एक सांगायचं आहे. पुण्या-नाशकातल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात कॅमेरा बसवून न्यू जर्सीहून बघत राहणं, यामागची काळजी मला कळते. पण तो त्यांना विचारून बसवला का? बंद करायचं बटण त्यांच्या हातात आहे का? पाहुणे आले की त्या घरात संकोच होतो, हे ते तुम्हाला फोनवर सांगणार नाहीत.

आणि घराची मालकी. बक्षीसपत्राने घर मुलाच्या नावावर करणं सोपं असतं, त्यामुळे ते प्रेमाच्या भरात होऊन जातं आणि नंतर परत घेणं फार अवघड जातं. शक्यतो मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीने होतं, नोंदणी सक्तीची नाही आणि हयातीत केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "आमचा सांभाळ, औषधपाणी आणि याच घरात राहण्याचा हक्क" ही अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द ठरवता येतं. डिसेंबर २०२२ मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध न झाल्यामुळे आईची मागणी नाकारली. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या आईचं बक्षीसपत्र रद्द केलं, तिथे सांभाळण्याचं वचन मुलाने लिहून दिलेलं होतं. फरक लिहिलेल्या ओळींचा होता.

मुलं बघत नसतील तर त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. वकील करावा लागत नाही, अर्ज तुमच्या वतीने एखादी संस्थाही करू शकते, निकाल साधारणपणे ९० दिवसांत अपेक्षित आहे आणि महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. अपत्य नसेल तर ज्याला तुमची मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून मागता येतो. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर १४५६७ या 'एल्डरलाइन'वर फोन करा.

समोरच्याला टाळून त्याच्याबद्दल बोलण्याचा हा रोग फक्त म्हाताऱ्यांनाच भोगावा लागतो असं नाही. एकोणीस वर्षांची मुलगी एकटी बँकेत गेली की "घरचं मोठं कुणी आलं नाही का?" असं विचारतात, आणि भाड्याने खोली बघणाऱ्या तरुणाशी मालक बोलतच नाहीत, वडिलांना फोन लावायला सांगतात. अठरा पूर्ण झालेला माणूस स्वतःच्या सहीने करार करू शकतो. ज्येष्ठांनी इथे तरुणांची बाजू घ्यावी असं मला मनापासून वाटतं. दोन्ही वयांना एकच गोष्ट हवी आहे, आणि रांगेत दोघं एकमेकांचे उत्तम सोबती होऊ शकतात: एकाला ॲप येतं, दुसऱ्याला अर्ज लिहिता येतो.

ज्येष्ठ वाचकांना शेवटी थोडं. "आता माझं काय राहिलंय" हे वाक्य जिभेवरून काढून टाका. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं होतं. काउंटरवर कुणी तुमच्या मुलाशी बोलू लागलं तर हात किंचित वर करून म्हणा, "खातं माझं आहे, मला सांगा." आवाज चढवायची गरज नाही. नवऱ्याने आजवर सगळे व्यवहार पाहिले असतील, तर बाईंनी या महिन्यापासून त्यांच्याबरोबर बँकेत जायला सुरुवात करावी, पासबुक स्वतः भरून आणावं. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला. एकट्याच्या तक्रारीपेक्षा संघाच्या पत्राला शाखाधिकारी लवकर उत्तर देतात.

आणि तुमच्या इमारतीत, आळीत, वाडीवर कुणी एकटं राहत असेल, तर हयातीच्या दाखल्याची आठवण त्यांना ऑक्टोबरातच करून द्या. सोबत हवी का, हेही विचारा. हवी म्हणाले तर बरोबर जा, त्यांच्या शेजारी बसा आणि बोलणं त्यांना करू द्या.